मोरे मिसचं नाक

डबा उघडून समोर ठेवलाय, भाजी गार होतेय, पण आधी हे लिहिते. आत्ता नाही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत डोकं थंड होईल आणि मग मी हे कधीच लिहिणार नाही, मी मला ओळखते. झालं असं की सकाळी शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर फोटो आला. नवीन केमिस्ट्री लॅब. पांढरीशुभ्र टेबलं, छताला चकचकीत एक्झॉस्ट, खाली अंगठे, बदाम, 'प्राउड मोमेंट' वगैरे. आणि मी इथे बहरीनच्या सीफ भागात ऑफिसच्या खुर्चीत बसून भोकाड पसरलं. शेजारच्या फिलिपिनो मुलीने टिश्यू दिला, हळूच विचारलं, "बॉयफ्रेंड?" म्हटलं, नाही गं, एक्झॉस्ट फॅन.

तिला काय कळणार. तुम्हाला सांगते.

बहरीनमधली आमची शाळा म्हणजे शाळा नव्हती, गाव होतं. अकरावीच्या तुकड्यांना इंग्रजी अक्षरं पुरतील की नाही अशी परिस्थिती. माझ्या एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला सुदानी, मागे पाकिस्तानी जुळ्या बहिणी, आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी, जी कुणाच्याच घरची नव्हती. आईबाप ड्रायव्हर, नर्स, एसीवाले, क्लार्क. आणि एवढ्या सगळ्यांना मिळून केमिस्ट्रीची चालू लॅब एकच. दुसरीचं रिनोव्हेशन चाललं होतं, मी नववीत असल्यापासून. चालू लॅबमध्ये एकेका बर्नरभोवती एवढी डोकी की ज्याला ज्योत दिसली तो नशीबवान. डोळे धुवायच्या नळाला पाणी नाही. अंगावर ऍसिड सांडलं तर ज्याच्याखाली उभं राहायचं त्या शॉवरला मुली बुरख्यासारखे काळे अबाया अडकवायच्या. एक्झॉस्ट फॅन फिरत नव्हता, त्यात कबुतराने संसार मांडलेला.

ह्या लॅबच्या मालकीण मोरे मिस. म्हणजे कागदोपत्री नाही, पण वागायच्या तशाच. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, लॅबकोटाची बटणं कायम एक घर चुकलेली. वर्गात इंग्रजी बोलायच्या ते एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं. लॅबमधल्या रफीकभाईशी हिंदी. आणि राग आला किंवा फारच माया आली की थेट इचलकरंजीची मराठी, तीही माझ्याकडे बघून, कारण वर्गात ती कळणारे आम्ही मोजकेच. मेंटेनन्सवाला फॅनबद्दल छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इंशाल्ला मॅडम, नेक्स्ट वीक." तो गेला की मिस मला म्हणायच्या, "ह्येचा नेक्स्ट वीक म्हणजे आमच्या इचलकरंजीचं पाणी. येतंय येतंय म्हणायचं आणि घागरी मांडून बसायचं."

आता केमिस्ट्री ज्यांनी सोडली त्यांच्यासाठी: अकरावी-बारावीला एक पांढरी पावडर देतात आणि ती कसली ते ओळखायला लावतात. त्यातलं निम्मं काम वासावर चालतं. ऍसिड टाकलं, व्हिनेगरचा वास आला की एक उत्तर, सडक्या अंड्याचा आला की दुसरं. मिसचं लाडकं वाक्य होतं, "शाळेनं दिलेलं एकच इन्स्ट्रुमेंट धड चालालंय, आणि ते तुमच्या तोंडावर बसवलंय. वापरा की!" नळी नाकाला लावली की खवळायच्या. "फुलागत काय हुंगालीस? हातानं बोलव. पाहुण्याला या या म्हणतो तसं." आणि स्वतः करून दाखवायच्या, हाताचा पंजा हलवून, डोळे मिटून. तेव्हा त्या देवळात उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. खरंच.

त्यांचं नाक म्हणजे काय सांगू! दारातूनच ओरडायच्या, "थर्ड टेबल, टू मच ऍसिड!" कुणी डब्यात बांगडा आणलाय, कुणाच्या घरी काल मेथी होती, सगळं कळायचं. ओमर नावाचा इजिप्शियन मुलगा होता, उंचच्या उंच, आदल्या संध्याकाळी चुलतभावांबरोबर कॅफेत बसून शीशा, म्हणजे फळांच्या वासाचा हुक्का, ओढून यायचा. एकदा मिस त्याच्याजवळून गेल्या, दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या, मागे न वळता म्हणाल्या, "ओमर. डबल ऍपल?" वर्ग हसत सुटला. ओमर कानापर्यंत लाल. "नो मिस, वल्ला, माय अंकल..." "टेल युवर अंकल टू डू युवर होमवर्क ऑल्सो." त्या दिवसापासून ओमर मिसच्या तासाच्या आधी तोंडात इतकी च्युइंगम कोंबायचा की त्याला हजेरी देता यायची नाही.

मिसची मुलगी श्रावणी माझ्याच वर्गात. गुदैबियात आमच्याच बिल्डिंगमध्ये त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, दोघीच. श्रावणीचे बाबा ती लहान असतानाच वारले. शाळेत श्रावणी आईला 'मिस' म्हणायची आणि घरीही चुकून कधीतरी तेच तोंडातून जायचं. मिस मराठीत बोलणार, ही इंग्रजीत उत्तर देणार, आणि दोघींचं भांडण आम्हाला खाली ऐकू येणार.

अकरावीत मिसना ताप आला. साथीचाच, तेव्हा सगळ्यांनाच येत होता. सुट्टी घेतली, बारीक होऊन परत आल्या. आणि परत आल्यावर एक नवीनच सुरू झालं. टेबलाशी यायच्या, नळी बघायच्या आणि म्हणायच्या, "यू टेल मी. व्हॉट डू यू स्मेल? नो केमिस्ट्री वर्ड्स. टेल लाइक यू टेल युवर मदर." आम्हाला वाटलं, वा, नवीन टीचिंग मेथड! इतकी मजा यायची! मल्याळी पोरं सांगायची, भिजत ठेवून विसरलेल्या तांदळाचा वास. जुळ्या बहिणी म्हणायच्या, अब्बूंच्या टॅक्सीच्या बॅटरीचा. ओमर म्हणाला, कैरोच्या नदीकाठी सकाळी येतो तो. मिस सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि मग उत्तर बरोबर की चूक ते सांगायच्या. दुसऱ्या सेक्शनची मुलं म्हणायची, तुमची मिस कसली कूल आहे.

मग एका दुपारी मी वर गेले होते, श्रावणीकडून नोट्स घ्यायला. मिस ओट्याजवळच्या स्टुलावर बसून पेपर तपासत होत्या. गॅसवर दूध. मी दारातून आत पाऊल टाकलं तर करपल्याचा असा भपकारा आला की खोकलाच आला. आणि मिस तिथेच, हातभर अंतरावर, पाठ करून, शांतपणे लाल पेन फिरवतायत! श्रावणी आतून धावत आली, गॅस बंद केला, खिडकी उघडली. मिसनी वर बघितलं. पातेल्याकडे, मग माझ्याकडे. लाल पेनाचं टोपण शोधत राहिल्या, ते त्यांच्या हातातच होतं.

जिन्यात श्रावणीने माझा दंड धरला. "शी कान्ट स्मेल. नथिंग. फिवरपासून. डॉक्टर म्हणतो येईल परत, ऑर मे बी नॉट. तू कुणाला सांगणार नाहीस."

"पण शाळेत सांगितलं तर..."

"आर यू मॅड? लॅब टीचर हू कान्ट स्मेल? कोण ठेवेल तिला?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, हिशोब सरळ होता. मिसचा व्हिसा शाळेवर, श्रावणीचा मिसवर. नोकरी गेली की दोघींनी देश सोडायचा. आणि बोर्डाचं रजिस्ट्रेशन झालेलं, बारावीत मधेच कुठलीही शाळा घेत नाही. म्हणजे श्रावणीची बारावी होईपर्यंत मिसनी टिकायचं, एवढंच. मग जगाला सांगा. "जस्ट टिल बोर्ड्स, यार," ती म्हणाली, आणि हे वाक्य पुढे ती इतक्यांदा म्हणाली की मला झोपेतही ऐकू यायचं.

मग आम्ही दोघी मिसचं नाक झालो. काही ठरवलं नव्हतं, झालोच. पहिल्या बाकावर बसायचं, कुठे गॅस राहिला, कुठे काही जळालं तर आपण आधी उठायचं, मोठ्याने बोलायचं, "ओह नो, बर्नर!" मिस आमच्याकडे बघायच्याही नाहीत. पण एकदा जिन्यात मला थांबवून हातात चिक्कीचा पुडा कोंबला आणि म्हणाल्या, "खा. बारीक झालीस." मी अजिबात बारीक झाले नव्हते!

बारावीत थंडी सुरू व्हायच्या सुमारास शाळेला कसल्याशा कमिटीचे पाहुणे येणार म्हणून धावपळ सुरू झाली. कुंड्या आल्या. भिंती रंगवल्या, पाहुणे जिथून चालणार तेवढ्याच. लॅबच्या कॉरिडॉरमध्ये लाल गालिचा घातला. आणि पाहुणे यायच्या दिवशीच सकाळी आमच्या तुकडीचं प्रॅक्टिकल झालेलं, सडक्या अंड्याचंच. एक्झॉस्ट बंद, त्यामुळे मजलाभर घाण वास. सिनियर सेक्शनचे सुपरवायझर सर नाकाला रुमाल लावून आले. फॅन दुरुस्त करायचा नाही, हे त्यांनी मनात कधीच ठरवलेलं. त्यांनी दोन हुकूम सोडले. एक, लॅबच्या खिडक्या-दारं लावून घ्या, वास बाहेर येता कामा नये. दुसरा, रफीक, बखूर लाव.

बखूर इथे घरोघरी असतो. सुगंधी लाकडाचे तुकडे निखाऱ्यावर टाकायचे, पाहुणा आला की धुपाटणं फिरवायचं. मानाची गोष्ट आहे ती. ऑफिसात, दुकानात, सगळीकडे. कुणाला त्यात काही चुकीचं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. रफीकभाईलाही नाही. तो ढाक्याकडचा, शांत माणूस, काम सांगितलं की 'यल्ला', म्हणजे चला, म्हणून निघायचा. "कॉरिडॉर में भी, अंदर भी," असं सरांनी सांगितलेलं मी स्वतः ऐकलं, मी आणि श्रावणी तेव्हा गालिच्याच्या कडेने भिंत धरून वर्गात जात होतो.

थोड्या वेळाने श्रावणीला आठवलं की तिचा लॅबकोट आतच राहिला. आम्ही परत गेलो. कॉरिडॉरमध्ये नुसता सुगंध. अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं. श्रावणीने लॅबचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

आत गॅसचा वास. साधासुधा नाही, जिभेवर चव यावी इतका. शेवटच्या टेबलाच्या बर्नरची रबरी नळी उन्हाळ्यात कडक होऊन चिरलेली, नवीन नळ्या मागवून मागवून मिस थकलेल्या. खिडक्या बंद. आणि मिस आत एकट्या, पाहुण्यांसाठी टेस्ट ट्यूब उंचीप्रमाणे लावतायत. आमच्याकडे बघून हसल्या आणि कपाळ दाबत म्हणाल्या, "डोकं लई दुखालंय गं. बीपी वाढलं वाटतंय."

आणि आमच्या मागे पावलं वाजली. रफीकभाई. हातात धुपाटणं, त्यात लालबुंद निखारे.

श्रावणी किंचाळली, "बाहर! रफीकभाई, बाहर!"

त्याला वाटलं पाहुणे आले. "आ गये?" म्हणत तो घाईघाईने पुढेच यायला लागला! अजून अंगावर काटा येतो हे टाईप करताना. श्रावणीने दार ओढून घेतलं आणि सगळ्या ताकदीने त्याला ढकललं. तो मागे पडला, धुपाटणं उडालं, निखारे गालिच्यावर. गालिचा चरचर करत जळायला लागला. मी बुटाने तुडवत होते. आत मिसनी आमचे चेहरे बघितले असतील दाराच्या काचेतून, कारण त्यांनी मेन कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरून कमिटी आली.

आता ऐका पुढचं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सरांच्या खोलीत चौकशी. कशाची? गालिच्याची! आम्ही दोघी, रफीकभाई आणि मिस, ओळीत उभे.

"फायर किसने लाया कार्पेट पे?"

"सर, आपने बोला था बखूर अंदर भी..."

"मैंने कॉरिडॉर बोला था. लॅब में कोई आग ले जाता है क्या?"

श्रावणी म्हणाली, "सर, देअर वॉज गॅस इनसाइड. द होल लॅब. वी कुड हॅव डाइड."

सर खुर्चीत मागे टेकले. "मोरे मॅडम अंदर बैठी थी. केमिस्ट्री टीचर है. उनको स्मेल नहीं आयी, तुमको बाहर से आयी? कितना ड्रामा करती हो तुम लोग." मग मिसकडे बघून, अगदी गोड आवाजात, "मॅडम, आप बताइए. गॅस का स्मेल था?"

तुम्हाला कळतंय ना, काय विचारलं होतं ते? मिस 'नव्हता' म्हणाल्या असत्या तर सगळं मिटत होतं. रफीकभाई गालिच्यापायी घरी जाणार, आम्हाला नाटकी म्हणून एक वॉर्निंग, आणि मिस लॅबमध्ये, श्रावणी बोर्डाला. सरांनाही तेच हवं होतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं त्यांच्यासाठी. श्रावणी आईकडे बघत होती. तिने काही म्हणजे काही खूण केली नाही, नुसती बघत होती, पण मी बाजूला होते, तिने माझा हात इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली.

मिस म्हणाल्या, "गॅस था. मुझे स्मेल आता ही नहीं. बुखार के बाद से. बच्चे सच बोल रहे हैं, और रफीक ने वही किया जो आपने बोला." मग थोडं थांबून इंग्रजीत, एकेक शब्द धुऊन, "आय शुड हॅव टोल्ड. आय डिड नॉट टेल."

श्रावणीने माझा हात सोडला.

पुढचं पटकन सांगते कारण पटकनच झालं. रफीकभाईला काढलं. हो, तरीही! गालिचा जळला होता ना. आणि मिसना कळवलं की मेडिकली अनफिट, टर्म संपेपर्यंतच. म्हणजे नोकरी दोघांचीही गेली. सरांचं काही झालं नाही, फॅनचंही नाही. रफीकभाई जायच्या आधी लॅबमध्ये आला होता, मी होते तिथे. म्हणाला, "मॅडम, आप क्यूँ बोला? मेरा तो जाना ही था. आप तो बच जाता." मिस काचेचं सामान पुसत होत्या. म्हणाल्या, "रफीक, वो कपडा इधर दो." बस. एवढंच.

मी आईला विचारलं, श्रावणीला परीक्षेपर्यंत आपल्याकडे ठेवूया ना. आई लगेच हो म्हणाली. बाबांनी चौकशी केली. आमच्या व्हिसावर ती कशी येणार, ती आमची कोण? खलास. मिस शाळेत पुन्हा गेल्या, त्या वर्षापुरतं कुठलंही काम द्या म्हणाल्या, लायब्ररीत, ऑफिसात, कुठेही. उत्तर मिळालं, बघू, इंशाल्ला.

टर्मच्या शेवटच्या दिवसापर्यंत मिसनी तास घेतले. आधीसारखेच. फक्त आता सगळ्यांना माहीत होतं, आणि पोरांनी वास सांगताना मजा करणं बंद केलं. ओमर एकदा हळूच म्हणाला, "मिस, इट इज लाइक... लाइक नथिंग. डोन्ट वरी, यू आर नॉट मिसिंग." त्यावर मात्र मिस हसल्या होत्या.

त्या गेल्या तो दिवस शुक्रवार होता, सुट्टीचा. खाली टॅक्सी उभी. पलंग, फ्रीज सगळं एका ओळखीच्या कुटुंबाने आधीच विकत नेलेलं. मी बॅगा उतरवायला मदत केली. श्रावणी टॅक्सीत मागच्या सीटवर दाराला चिकटून बसली होती, कानात हेडफोन, काचेतून समोरच्या किराणा दुकानाकडे बघत. मधे एक बॅग उभी ठेवलेली, डिकीत जागा असताना. पलीकडच्या बाजूला मिस बसल्या. मी श्रावणीच्या काचेवर टकटक केलं. तिने हात वर केला, काच खाली केली नाही.

मग मिसनी त्यांच्या बाजूची काच खाली केली. मला वाटलं, आता म्हणतील अभ्यास कर, मार्क मिळव. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू, श्रावणीला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाल्या, "तिला फोन करत जा गं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही ती."

ड्रायव्हरने यल्ला केलं आणि टॅक्सी निघाली.

मी करते फोन. श्रावणीचं ते वर्ष गेलं, मग बाहेरून परीक्षेला बसली, आता तिकडे भारतात एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करते. सगळं बोलते माझ्याशी. आईचा विषय काढला की म्हणते, "नेटवर्क इज बॅड, बाय." मला श्रावणीचा राग येत नाही. मिसचाही येत नाही. मग येतो कुणाचा, ते मला आज सकाळपासून समजत नाहीये, म्हणून तर टाईप करतेय.

माझा लंच ब्रेक संपला. तुम्ही सांगा, तुमच्या समोर झालंय असं कधी? कुणीतरी खरं बोललं, ज्याच्यासाठी बोललं तोही वाचला नाही, आणि किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाने भरली? तुम्ही श्रावणीच्या जागी असता तर बोलला असता आईशी?